जालन्याला न जाणारी टाकी

शालिग्रामभाऊ दुकानातून कपड्याच्या साबणाच्या दोन वड्या आणतात. एक घरासाठी, दुसरी व्हॅनच्या टाकीसाठी.

चिखलीत आमची घरं समोरासमोर आहेत. रोज सकाळी भाऊ पोतं अंथरून त्या म्हाताऱ्या व्हॅनखाली शिरतात आणि टाकीच्या चिरेवर साबण घासतात. पेट्रोलची गळती तेवढ्यापुरती थांबते. गल्लीला त्यांचे फक्त पाय दिसतात आणि आवाज ऐकू येतो. कुणी बिडी पेटवून गेला की खालून गर्जना होते, "इझव ते बे!"

"भाऊ, वेल्डरकडून झाळ मारून घ्या ना एकदाची," मी म्हणायचो.

"गळत नाही सर, तिले घाम येते. काम चालते न!"

काम चालायचं, फक्त जालन्याला जायचं काम चालत नसे. तिथे त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा राहते. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हा भाऊंनी तिच्या तोंडावर दार लावलं. ती मात्र दर सणाला माझ्या फोनवर निरोप देते, बाबांना या म्हणावं. भाऊंचं ठरलेलं उत्तर मी तिला कळवतो, "अशा टाकीनं जालन्याले जाता येते काय?"

"खामगावला तर परवाच जाऊन आलात!"

"खामगाव उताराले हाय, सर."

"आणि येताना?"

 व्हॅनखाली साबण जोरात घासला जाऊ लागला.

गेल्या महिन्यात मनीषाला मुलगी झाली. मी भाऊंना निरोप दिला. दुपारी पाहतो तर कोपऱ्यावरच्या गॅरेजात टाकी खाली उतरवलेली. पेट्रोल काढून भाऊंनी ती स्वतः तीनदा धुतली, भडका नको म्हणून चिरेपर्यंत पाणी भरलं आणि मगच वेल्डरला हात लावू दिला. इतक्या वर्षांचं दुखणं तासाभरात संपलं. मला त्यांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर व्हॅनखाली पुन्हा पाय.

"काय भाऊ, गळली का पुन्हा?"

"नाही न. एक थेंबही नाही. तेच पाहून राह्यलो."

"मग निघा की!"

पाय आणखी थोडे आत सरकले.

"सर, म्या तिले दार लावलं होतं. तिनं नाही उघडलं त?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी मनीषाचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन व्हॅनखाली सरकवला.

"मनीषा, भाऊच आहेत फोनवर," मी वाकून सांगितलं.

 पलीकडून तिचा आवाज आला, "बाबा, झाली काय टाकी?"

मला फक्त पाय दिसत होते. ते व्हॅनखालून बाहेर सरकू लागले.