डोक्यावरचं लोणी

मनोहर कापगते सरांना चोरीसाठी इंग्रजीत एकवीस आणि स्लोवाक भाषेत चौदा शब्द येत होते. आंब्याला स्लोवाकमध्ये काय म्हणतात हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आंब्यानं कोणाचं काय बिघडवलं? त्याचा शब्द कायले पाहिजे?"

सर सिहोऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत. मी नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी त्यांच्या घराला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहायला गेलो. मधली भिंत कुडाची होती. रोज सकाळी तिच्या पलीकडून पाठांतर ऐकू येई. "फोर्जरी. फाल्शोवानिए. खोटी सही. ब्राइबरी. ऊप्लातोक. लाच. फ्रॉड. पोद्वोद. लबाडी." पहिले आठ दिवस माझी समजूत होती की शेजारी कोणावर तरी मोठा खटला भरायची तयारी चालू आहे.

स्लोवाकचं कारण साधं होतं. एका इंग्रजी मासिकातल्या पत्रमैत्रीच्या स्तंभातून सरांना चेकोस्लोव्हाकियातल्या एका डोंगराळ गावातला शिक्षक सापडला होता. त्याचं नाव ओंद्रेय. तोही इंग्रजीच शिकवत असे. पहिल्या पत्रात त्याने तुमच्या गावात हत्ती आहेत का, असं विचारलं होतं. सरांनी उलट टपालाने कळवलं की हत्ती नाहीत, आणि सोबत बारा गुन्ह्यांची यादी पाठवून त्यांचे स्लोवाक प्रतिशब्द मागितले. ओंद्रेय सभ्य माणूस असावा. त्याने बाराही शब्द पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली: सिहोऱ्यात राहणं फार धोक्याचं आहे का?

त्या यादीची पुढे दोनशे पानी वही झाली. तीन रकाने होते. पहिल्यात इंग्रजी, दुसऱ्यात स्लोवाक, तिसऱ्यात आपलं.

परदेशातून दर महिन्याला पाकीट येतं म्हटल्यावर एक पोलीस जमादार चौकशीला आला. सरांनी त्याला खाटेवर बसवून वही उघडून दिली. त्याने दरोडा, अपहरण, खोटी साक्ष हे सगळं शांतपणे वाचलं. लाचेच्या पानावर तो थांबला आणि त्याने वही मिटली.

"बाकीचं पाहाची गरज नाही, सर," तो म्हणाला. "भाषेचाच अभ्यास दिसून राहिला."

विद्यार्थ्यांवरही याचा परिणाम होता. सिहोऱ्याच्या मुलांना धानाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवावं लागे, पण फरारीला काय म्हणतात ते झोपेतही सांगता येई. एका मुलीने रजेच्या अर्जात लिहिलं होतं की मलेरिया फरार झाला असून ती उद्या शाळेत हजर राहील. सरांनी तो अर्ज जपून ठेवला होता.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. तो ते सगळ्यांना विचारत, मला जास्त. मी संध्याकाळी बातमी लिहीत बसलो की ते दारात उभे राहून ती वाचायला मागत. पहिल्या परिच्छेदातच बोट ठेवत.

"इथं गैरव्यवहार लिहिलं. तू पाहिलं काय?"

"नाही. लोक सांगतात."

"मंग लोक सांगतात असं लिही. पाहिलं नाही तं पाहिल्यासारखं लिहू नको."

माझ्या संपादकांनी मला इतक्या वेळा टोकलं नव्हतं.

दुसरी सवय मला अधिक चमत्कारिक वाटे. सरांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. घरात कांदासुद्धा येत नसे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, स्वयंपाक ते स्वतः करत. असा हा माणूस दर बाजाराच्या दिवशी तुकाराम मारबतेकडून अर्धा किलो मासे घेई. पळसाच्या पानात गुंडाळलेला तो पुडा हात लांब धरून माझ्या दारापर्यंत आणी आणि म्हणे, "घे. ताजे आहेत."

मारबते तिशीचा ढिवर. गावाजवळच्या तलावात जाळं टाकायचा आणि बाजारात लिंबाच्या झाडापासून चार हात पुढे, भर उन्हात बसायचा, कारण सावलीची जागा भाजीवाल्यांनी धरलेली होती. सर त्याच्यासमोर उभे राहत, भाव करत नसत, एक शब्द बोलत नसत. मी चार वर्षं ते मासे खाल्ले. वार्ताहराने कारण विचारायला हवं होतं. पण रोहू चांगला असे.

मग एका पौषात ओंद्रेयचं पत्र आलं. मी ते पाहिलं आहे. त्याने लिहिलं होतं: मनोहर, मी तुला चारशेच्या वर अपराध भाषांतर करून दिले. इतके गुन्हे तू कोणासाठी गोळा करतोस? आमच्याकडे एक म्हण आहे. ज्याच्या डोक्यावर लोणी आहे, त्याने उन्हात जाऊ नये.

म्हणजे ज्याचं मन खातं त्याने उघड्यावर यायचं टाळावं, असा तिचा अर्थ त्याने पुढे दिला होता.

दुसऱ्या दिवसापासून सर छत्री घेऊन फिरू लागले. थंडी कडाक्याची होती. गावकरी अंगणात शेकोटीला बसत आणि सर काळी छत्री उघडून शाळेत जात.

"सर, पानी येऊन राहिला का?" लोक विचारत.

"ऊन आहे," सर सांगत.

वैशाखापर्यंत लोकांनी विचारणं सोडून दिलं. तेव्हा कुठे छत्री हवामानाला शोभू लागली होती. त्याच सुमाराला, एका बाजाराच्या सकाळी, सर हातात फुलस्केप कागद घेऊन माझ्याकडे आले.

"तुमच्या पेपरात चूक झाली तं शुद्धिपत्र छापता ना?"

"छापतो. दुसऱ्या दिवशी, आतल्या पानावर."

"अकरा वर्षांनी छापता काय?"

मी कागद वाचला. अक्षर वळणदार होतं. मॅट्रिकच्या परीक्षेत पर्यवेक्षक असताना त्यांनी तुकाराम मारबते या विद्यार्थ्याला कॉपी करताना पकडल्याचा अहवाल दिला होता. अहवालात इंग्रजीत 'कॉट रेड-हँडेड' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात चिठ्ठी त्याच्या हातात नव्हती. ती दोन बाकांच्या मधे जमिनीवर पडली होती. मारबतेचा निकाल रद्द झाला आणि पुढच्या दोन परीक्षांना बंदी आली. तो पुन्हा शाळेत आला नाही.

"तसं काहून लिहिलं?" मी विचारलं.

"वर्गात तो वाक्प्रचार आठ दिवस आधीच शिकवला होता." ते भिंतीकडे पाहत होते. "लिहिताना चांगला वाटला."

दोन वर्षांनी मारबतेच्या मागच्या बाकावरच्या मुलाचं लग्न झालं. तोवर तो किराणा दुकानदार झाला होता. पंगतीत वाढता वाढता त्याने हसत सांगितलं की सर, ती चिठ्ठी माझी होती. सर भरल्या पानावरून उठले. त्याआधी त्यांच्या जुन्या वह्यांत सगळ्या प्रकारचे वाक्प्रचार असत. त्यानंतर फक्त अपराधाचे आले.

मी त्यांना सांगितलं की हे छापून येणार नाही, आणि छापलं तरी मारबते पेपर वाचत नाही. तो इथून दोनशे पावलांवर बसतो.

"तू येतो काय? साक्षीदार पाहिजे."

आम्ही गेलो. मारबते ओल्या बारदान्याखालून मासे काढत होता. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. सरांनी छत्री मिटली, उघड्या डोक्याने उन्हात उभे राहिले आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचला. शेवटी ओंद्रेयची म्हणही वाचली, कारण ती कागदावर होती. वाचताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता.

मारबतेने तराजू खाली ठेवला.

"मले मालूम हाय, सर. त्याच दिवशी मालूम होतं. चिठ्ठी कोनाची, ते बी."

"मंग बोलला काहून नाही?"

"कोनाले बोलू? तुमी तं लिहून मोकळे झालते."

एक गिऱ्हाईक कतला माशाचं डोकं उलटसुलट करून पाहू लागलं.

"मंग तुमी दर बाजाराले येऊ लागले," मारबते म्हणाला. "गळ्यात माळ अन् हातात मासोळी. माय म्हने, मास्तर बाटला. मी म्हनलं, बाटला नाही वो, शिक्षा भोगून राहिला. भोगू दे."

गिऱ्हाईक हसलं. सरही हसतील असं मला वाटलं, पण ते हसले नाहीत.

"आता मी काय करू, तुकाराम?"

"मले काय मालूम? शब्द तुमाले येते." त्याने गिऱ्हाइकाचा मासा तोलला, पानात बांधून दिला, हात पुसले. मग खाली पाहतच म्हणाला, "मच्छीमार संस्थेत सेक्रेटरीची जागा खाली होनार हाय. मॅट्रिक पायजे. सतरा नंबरचा फारम भरून बाहेरून बसतो म्हनतो. गनित जमते. इंग्रजी नाही जमत."

"केव्हा येशील?"

"तुमीच या. जाळं वाळत घातलं का दुपारी मी मोकळाच असतो."

सर खिशाकडे हात नेऊ लागले तसा मारबते म्हणाला, "आज मासोळी नाही देत. पुढं बी नाही. झालं आता." मग त्याने मिटलेल्या छत्रीकडे बोट दाखवलं. "तुमच्या डोक्यावरचं लोनी उतरलं ना, सर? मंग थे छत्री ठेवून जा. मासोळ्या खराब होऊन राहिल्या."

तेव्हापासून ती छत्री बांबूला बांधून मारबतेच्या टोपल्यांवर असते. सर उघड्या डोक्याने भर दुपारी तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, शिकवायला जाऊ लागले. तिथे जाळी वाळत असतात. मारबते पहिल्या वेळी इंग्रजीत नापास झाला. दुसऱ्या वेळी एकेचाळीस गुण मिळाले. संस्थेची जागा तोवर भरलेली नव्हती. आता दुपारपर्यंत मासे विकून तो कार्यालयात जातो आणि इतिवृत्त स्वतः लिहितो. जे सभेत झालं नाही ते तो लिहीत नाही, अशी सभासदांची तक्रार आहे. मासे मी विकत घेतो.

सरांनी नवी वही घातली. ओंद्रेयला त्यांनी पाठवलेल्या पहिल्या यादीत मासा, जाळं, तलाव, धान आणि आंबा हे शब्द होते. त्याचं उत्तर पाच पानी आलं. मासा म्हणजे रिबा, तलाव म्हणजे रिब्निक. आंब्याला मांगो म्हणतात, पण आपण तो कधी पाहिलेला नाही, असं त्याने प्रामाणिकपणे कळवलं होतं.

सरांनी ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. मग आंबापोळीचा एक चौकोनी तुकडा कापला, मेणकागदात गुंडाळला आणि पाकिटात सरकवला.

"पाहू दे त्याले," ते म्हणाले.