मारुती आबांची पंगत

गेल्या सोमवारी सकाळी, भाजीचा टेम्पो निघायच्या आत, आमच्या शेतकरी गटाने दोघांवर अन्याय केला. एक कळसचे मारुती आबा, दुसऱ्या अंथुर्ण्याच्या सुनंदावहिनी.

आबांच्या घरी कुणीही गेलं की पाण्याच्या आधी प्रश्न येतो, "ताट विसळलं का?" नवा माणूस बिचारा नळ शोधायला लागतो. आबांनी जन्मभर पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त केल्या आणि साठीनंतर व्हिडिओ बघून ॲप बनवायला शिकले. गटाचं ॲप त्यांचंच. रोज कुणाचा कोणता माल आहे, याची यादी बारामतीच्या व्यापाऱ्यांना त्यात दिसते.

"यादी म्हंजी पंगत," आबा सांगतात. "माल म्हंजी सैपाक. पण वांगं काय आपल्या पायानं ताटात येतं व्हय? वाढपी लागतो. त्यालाच ॲडॅप्टर म्हणत्यात. आन् ताटं पडद्यावर मावतील तेवढीच! वरचं ताट पडद्याभाईर सरकलं की तेच खाली दुसऱ्या माणसापुढं येतं. म्हणून आधी विसळायचं, मग वाढायचं."

कालचा राग घेऊन कुणी बैठकीला आलं, तरी आबा त्याला हेच विचारतात.

ॲप बनवताना आयत्या मिळणाऱ्या यादीत एका ओळीत नुसतं नाव बसतं. आबा त्याला 'कोरडा भात' म्हणतात. त्यांनी स्वतःचं ताट मांडलं: फोटो, नाव, गाव, माल आणि खाली रोज सकाळी ज्याने त्याने मनातलं लिहायला एक जागा, 'आज काय म्हणणं?' व्यापाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. आबा ऐकतील तर शपथ. जुन्या मोपेडवरून शेतोशेत फिरून त्यांनी फोटो काढले. सुनंदावहिनींनी तेवढा काढू दिला नाही. "माझा नगं आबा, वांग्याचाबी नगं. नजर लागती."

आणि सोमवारी घात झाला. वहिनींच्या वांग्यांशेजारी पिंपळीच्या तात्यांचा फोटो उमटला, झुपकेदार मिशांसकट! फोटो नसेल तर जागा आधी रिकामी करायची, हे सांगायला वाढप्याला आबाच विसरले होते. तात्यांचं ताट न विसळता वहिनींपुढे आलं.

"वहिनी, मिशी शोभतीया!" टेम्पोपाशी सगळे खिदळले.

"असू द्या," वहिनी म्हणाल्या. "मिशी बघून व्यापारी तरी नीट बोलंल."

अध्यक्षांना मात्र गटाची अब्रू आठवली. तिथल्या तिथे हुकूम सुटला: फोटो बंद, म्हणणं बंद, आबांचं कामही बंद. नुसतं नाव आणि माल, आणि नाव सातबाऱ्यावरचं. म्हणजे वांगी आता वहिनींच्या नवऱ्याच्या नावावर, ज्यांनी कंपनीत लागल्यापासून त्या वाफ्यात पाय ठेवलेला नाही. वहिनींचं हसू तिथंच थांबलं. चहा निवायच्या आत दुरुस्त झाली असती अशी ती चूक. "चूक माझी हाय," एवढंच म्हणून आबांनी मोपेडला किक मारली.

दुपारी मी तणतणत कळसला गेलो. आबा पेरूच्या सावलीत बसले होते. नेट बंद केलेल्या फोनवर सकाळची जुनी यादी तशीच होती. त्यांच्या अंगठ्याखाली ती संथ वर सरकत होती, कालव्यावरचं धुकं सरकावं तशी. एकेक चेहरा वर यायचा, काहीतरी म्हणायचा, विरून जायचा. सुनंदावहिनींची ओळ आली: "आज लय धुकं. ढगात वांगी तोडल्यागत वाटतंय."

"सावकाश बाई. पाय जपून टाक," आबा फोनला म्हणाले.

"आबा, तुम्ही उत्तरं देता?"

"रोजच्याला. मोठ्यानं." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आमची मंडळी, मालन, गेल्यापास्नं हितं सकाळचं कुणी काय म्हणतच न्हाय. नेट लावलं की नवी कोरडी यादी यील, आन् हीबी जाईल."

मी चपला काढून त्यांच्या शेजारी टेकलो. पेरूची सावली अंगणभर लांबली, तरी आम्ही दोघं ती माणसं वर जाताना बघत बसलो होतो.

येत्या शुक्रवारी गटाची बैठक आहे. तुम्ही सभासद असाल तर या आणि अध्यक्षांच्या डोळ्यांत बघून हात वर करा. वांग्यांपुढे वहिनींचं नाव परत पाहिजे, आणि 'आज काय म्हणणं'ही परत पाहिजे. पण त्याआधी गाडी कळसला वळवा आणि आबांना मागे बसवून आणा. बोलावल्याशिवाय ते यायचे नाहीत.