वाकड्या पाठीचा कोट

मुलीच्या लग्नाला चार दिवस उरले असताना टेलरमास्तर शिलाई मशीन उचलायला वाकले आणि तसेच राहिले. कंबरेत उसण भरली, डावा खांदा खाली आला. बायको म्हणाली, डॉक्टरकडे चला. मास्तर म्हणाले, आधी कोट. लग्नाला येणारी निम्मी माणसं त्यांची गिऱ्हाइकं. खुद्द मुलीच्या बापाचा कोट बसला नाही, तर दुकानाला टाळंच लावायचं.

त्यांनी बायकोकडून मापं घेववली, डाव्या खांद्याची शिवण दोन बोटं खाली धरली आणि वाकड्या अंगावर सरळ दिसेल असा कोट शिवला. एवढं नाजूक काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

लग्न संध्याकाळी. त्या दिवशी सकाळी त्यांना चपलासुद्धा घालता येईनात, तेव्हा बायकोने फरफटत कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके बसवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी बारीक चौकशी केली, एकेक मणका चाचपला, मग त्यांना कुशीवर निजवून झटका दिला. कडकन आवाज झाला. मास्तरांना वाटलं, आटोपलं सगळं.

"काही मोडलं नाही," बाई म्हणाल्या. "सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो, त्याचा आवाज. एक-दोन दिवस अंग ठणकेल. आणि पहिल्याच फेरीत फरक पडतोच असं नाही, हं."

मास्तरांना नेमका पडला. ते उभे राहिले ते पट्टीसारखे सरळ. घरी येऊन त्यांनी हौसेने कोट चढवला आणि आरशासमोर मटकन बसले. कोट डावीकडे दोन बोटं वर चढला होता. उसवायला वेळ नव्हता. जुना कोट घाला, असं बायकोने सुचवलं. पण तो बाजारातून तयार घेतलेला होता, आणि हे गुपित मास्तरांना मांडवात फोडायचं नव्हतं.

मग काय, मास्तर संध्याकाळभर डावा खांदा पाडून उभे राहिले. जो तो शिलाईची तारीफ करत होता. निघताना मुलगी गळ्यात पडली. "बाबा, काय दिसताय तुम्ही!" मास्तरांचे डोळे भरून आले, निम्मे मायेने आणि निम्मे कंबरेमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा जसेच्या तसे वाकडे. बायकोने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. लगेच या, म्हणाल्या.

"संध्याकाळची वेळ माग," मास्तर म्हणाले. "दुपारी व्याह्यांकडे जेवायला जायचंय. हाच कोट घालून या म्हणालेत."