पडद्यामागचे मुन्शीजी

"समोरून तर गाढवबी बघतंय!"

गफूरमियाँ मुन्शींचं सिनेमाबद्दलचं सगळं शास्त्र या एका वाक्यात होतं. आणि हे वाक्य ते माझ्याच सिनेमाच्या तंबूच्या दारात उभे राहून, माझ्याच गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत. तेव्हा त्यांच्याविषयी लिहिताना माझ्या लेखणीला जरा मिरची लागली, तर वाचणाऱ्यानं पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा.

काळ निजामाचा. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद असलं, तरी बाजारात ते धाराशिवच होतं. मी मूळचा तामलवाडीचा. तिथं निजामाची हद्द संपायची आणि सोलापूरकडची इंग्रजी हद्द लागायची. नाक्यावर अडकून पडलेल्या लोकांना शेंगा विकत विकत मी वर आलो. हात धरून कोणी वर घेतलं नाही, पाय ओढणारे मात्र पुष्कळ भेटले. पुढं सोलापूरच्या एका माणसाकडून सिनेमाचं जुनं यंत्र, ठिगळांचा तंबू आणि एक खोकणारं इंजिन घासाघीस करून घेतलं. सौदा झाल्यावर तो माणूस बराच वेळ डोक्याला हात लावून बसला होता. मी सौदा कसा करतो हे यावरून ध्यानात यावं.

तंबूच्या मधोमध पांढरा पडदा. खेळाआधी त्यावर पाणी मारायचं, म्हणजे चित्र ठसठशीत उठतं आणि ओल्या कापडातून पलीकडच्या अंगालाही उतरतं. पडद्यासमोर खुर्च्या आणि बाकं. तिथं तहसीलदारसाहेब, वकील, अडते. पडद्याच्या मागं नुसती जमीन आणि निम्मं तिकीट. मागंही मधे कनात लावून दोन भाग पाडलेले. एकीकडे बायका-पोरं, दुसरीकडे हमाल आणि गाडीवान. मागून चित्र तेच दिसायचं, फक्त आरशातल्यासारखं उलटं. उजवा हात डावा, डावा हात उजवा. निम्म्या तिकिटात एवढं चालवून घ्यायला हरकत नव्हती.

पण मुन्शीजी दिवाणी कचेरीत कागदांच्या नकला उतरवणारे नकलनवीस. अंगात शेरवानी, डोक्याला लाल तुर्की टोपी, हातात चांदीच्या मुठीची काठी. अशा माणसानं पुढं खुर्चीत बसावं की नाही? ते तडक मागं जायचे, हमालांत घुसायचे आणि कनातीला अगदी खेटून, रुमाल अंथरून बसायचे.

"मुन्शीजी, मागून अक्षरं उलटी दिसतात," मी एकदा म्हणालो.

"दिसू द्या की. उर्दू उजवीकडनं वाचायची, मराठी डावीकडनं. मागं बसलं की दोन्ही वाचता येत न्हाईत. ह्याला म्हन्तात इन्साफ, शेठ!"

सकाळी कचेरीत जाण्याआधी बाजारातल्या चहाच्या हॉटेलात त्यांचा दरबार भरायचा. रात्रीच्या खेळाचा निकाल तिथं लागायचा, आणि त्यावर अपील नसायचं.

"बोलपट आला अन् सिनेमा बिघडला," बशीत चहा ओतत ते सुरुवात करायचे. "पहिले मुके खेळ आठवा. मानसं मुकी, पन हात किती चालायचे! राणी खलिता लिवायची, पान लावायची, तलवार उचलायची, वाटलं तर दिवाणाच्या कानाखाली एक द्यायची. आता? झाडाखाली हुभी ऱ्हायती अन् गात ऱ्हायती. हात काय खुंटीला टांगून आली काय?"

"गानं लई ग्वाड हुतं की पन, मुन्शीजी," कोणीतरी म्हणायचं.

"गानं ऐकायचं तर गवई बोलवा. सिनेमात हात बघायचे असत्यात!"

त्यांची तऱ्हा ही अशी. अख्खं सोलापूर ज्या बोलपटावर रडलं होतं, तो मी जास्त भाडं मोजून आणला. मुन्शीजींनी दुसऱ्या दिवशी एका शब्दात निकाल दिला, "रद्दी."

"अहो, पण का?" मी हॉटेलातच भडकलो. "बाया ढसाढसा रडल्या!"

"रडल्या असत्याल. पन साऱ्या खेळात ती बाई एकदा तरी जेवली का? तीन तास उपाशी! अशी बाई रडंल न्हाई तर काय करंल?"

उलट एक पौराणिक खेळ आला होता. यंत्र जुनं, फीत तुटकी, अर्धा वेळ पडद्यावर नुसता ओरखड्यांचा पाऊस. त्यात शेवटी आठ हातांची देवी प्रकट व्हायची. मुन्शीजी इतके खूश झाले की उठून उभे राहिले. "वा! ह्याला म्हन्तात सिनेमा! चार उजवे, चार डावे. कुनाला बोलाय जागाच न्हाई!" तो खेळ त्यांनी रोज पाहिला. देवळातल्या पुजाऱ्यानं एवढ्या वेळा पाहिला नसेल.

हे सगळं मी गिळलं असतं. पण खेळ चालू असताना मुन्शीजी गप्प बसत नसत. पडद्याच्या मागून त्यांचा आवाज पुढच्या खुर्च्यांपर्यंत यायचा.

"बघा! डावा हात! डाव्या हातानं उचलली तलवार! राणी हाय, राणी!"

"उजवा हाय हो तो, मुन्शीजी!" पुढून एखादा वकील हसत ओरडायचा.

"तुमी उलट्या अंगाला बसलाय, वकीलसाब! समोरून तर गाढवबी बघतंय!"

मागचे हमाल शिट्ट्या मारायचे. आजवर त्यांच्या बसण्याच्या जागेचं कुणी कौतुक केलं नव्हतं. हळूहळू ते चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगू लागले, "आमी मागं बसतो, खऱ्या अंगाला." मग वकिलांचे कारकून गंमत म्हणून मागं जाऊ लागले. मग अडत्यांची पोरं. एक दिवस खुद्द वकीलसाहेब अंथरायला चवाळं घेऊन मागं जाताना दिसले. पुढं तहसीलदारसाहेब एकटे, आणि त्यांच्या भोवती रिकाम्या खुर्च्या. असंच चाललं तर पुढच्या हंगामात तंबू उभा राहणार नव्हता. शेंगांच्या पाटीपासून इथवर आलेल्या माणसानं एका नकलनविसाच्या जिभेपायी पुन्हा पाटी उचलायची?

मी सौदा करायचं ठरवलं.

"मुन्शीजी, उद्यापासून तुम्हाला पुढची खुर्ची. फुकट."

"नको."

"गादीची खुर्ची."

"नको, शेठ."

"गादीची खुर्ची, तहसीलदारसाहेबांच्या शेजारी, मध्यंतरात चहा, वर पान."

ते विचारात पडले. मला वाटलं, मासा लागला. मग म्हणाले, "चहा मागं धाडता आला तर बघा."

जन्मभर मी दुसऱ्यांचे भाव पाडत आलो. पण फुकटच्या खाली भाव कसा उतरवायचा, हे मला त्या दिवशी सुचेना. डोक्यात तिडीक गेली. मी भर बाजारात ओरडलो, "ठीक आहे! आठवडी बाजारानंतर तंबू तेलाच्या घाण्यापाशी हलवतो आणि पडदा तिथल्या भिंतीला टेकवतो! मागची बाजूच बंद! मग बसा भिंतीत जाऊन!" आणि रागाच्या भरात तशी दवंडीसुद्धा पिटवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुन्शीजी माझ्या ओट्यावर आले. काठी नव्हती. बोटाला धरून त्यांची मुलगी होती, मेहरू. आठ-नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, मोठे डोळे. ती तान्ही असतानाच तिची आई वारली होती, घर मुन्शीजींची थोरली बहीण, त्यांची आपा, सांभाळायची, एवढं गावाला माहीत होतं.

माझं भांडण बापाशी होतं, लेकराशी नव्हतं. मी रेवड्यांची ताटली पुढं केली. मेहरूचा डावा हात झटकन पुढं आला, अर्ध्यातच थबकला आणि पाठीमागं गेला. मग उजवा आला. अवघडल्यासारखा. रेवडी बोटांतून निसटून ओट्यावर पडली. पोरगी बापाकडं बघू लागली.

पाठीमागं लपवलेल्या हाताच्या मनगटावर चिंधीनं आवळल्याचा लालसर वळ होता.

"जा बेटा, ते इंजिन बघून ये," मुन्शीजी म्हणाले. ती गेल्यावर टोपी काढून मांडीवर ठेवली. "आपा तिचा डावा हात बांधून ठेवती. जेवताना, लिवताना. वाईट न्हाई ती. परक्या घरी पोरीचं कसं व्हईल म्हून घाबरती. शेजारपाजारच्याबी बोलत्यात. पोरीनं लोकांत जेवायचंच सोडलं, शेठ. घरातबी कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून."

मी ओट्यावर पडलेली रेवडी उचलून ताटलीच्या कडेला ठेवली.

"एकदा शेजारच्या बायकांसंगं तुमच्या तंबूत मागं बसली हुती. घरी आली अन् मला म्हन्ली, अब्बा, राणीबी माझ्यावानीच हाय." त्यांनी टोपीचा गोंडा उगीच सरळ केला. "त्या दिशी पोटभर जेवली. माझ्यासमोर बसून."

कनातीच्या पलीकडं कोण बसत होतं आणि मुन्शीजी एवढ्या मोठ्यानं कुणासाठी ओरडत होते, ते मला आत्ता उमगलं. पण धंद्यात चेहरा हलू द्यायचा नसतो.

"मग? म्हणणं काय तुमचं?"

"मागं जागा ठेवा. बायकांपुरती ठेवली तरी चालंल. बदल्यात म्या समोर बसतो. खुर्चीत. अन् सगळ्या गावासमोर बोलतो की समोरूनच खरं दिसतं."

समोरचा माणूस एवढं द्यायला तयार झाला की आणखी मागायचं, हा माझा नेम. मी तोंड उघडलं, पण मागायला काही सापडेना. शेवटी चिडून म्हणालो, "खुर्चीचं तिकीट काढावं लागेल. फुकटची बोली मागच्या वेळची होती, आता नाही."

"दोघांचं काढतो. माझं पुढचं, पोरीचं मागचं," मुन्शीजी म्हणाले.

घासाघीससुद्धा केली नाही. अशा माणसाशी कोणी व्यवहार करावा तरी कसा!

तंबू होता तिथंच राहिला. त्या आठवड्यात मी तलवारवाल्या राणीचा जुना मुका खेळ मागवला. जुन्याचं भाडं कमी पडतं, दुसरं काही कारण नव्हतं. मुन्शीजी काय बोलतात ते ऐकायला अख्खं गाव लोटलं. पुढच्या खुर्च्या भरल्या, बाकं भरली, वकीलसाहेब चवाळं टाकून पुन्हा खुर्चीवर आले. तहसीलदारसाहेबांच्या शेजारी मुन्शीजी बसले होते, सासुरवाडीत पहिल्यांदा जेवायला बसलेल्या जावयासारखे, अंग चोरून.

दिवे मालवण्याआधी ते उभे राहिले.

"भाईलोक, आजपरेंत म्या जे बोललो ते..." त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "समोरून... समोरूनच खरं दिसतं."

पुढं टाळ्या पडल्या. मागून एक हमाल ओरडला, "मुन्शीजी फितूर झाले रं!" आणि पडद्यामागं हुर्यो उठली. मुन्शीजी खाली बसले. जन्मभराचं शास्त्र एका दमात विकून मोकळे झाले.

खेळ सुरू झाला. खोकणाऱ्या इंजिनाशिवाय तंबूत आवाज नव्हता. राणीनं खलिता लिहिला, पान लावलं, दिवाणाच्या कानाखाली दिली. मुन्शीजी तोंड मिटून होते. मग शत्रू वाड्यात शिरला आणि राणीनं भिंतीवरची तलवार उचलली. 

तेवढ्यात पडद्याच्या मागून एक बारीक आवाज आला.

"अब्बा! दिसलं का समोरून? कोन्ता हात?"

आम्हा पुढच्यांना उजवा दिसत होता, चांगला बांगड्यांसकट. कोणीतरी खुदकन हसलं. मुन्शीजी अर्धवट उठले. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडं पाहिलं. कचेरीतला माणूस, दिलेल्या शब्दाला जपणारा. 

"बोला की मुन्शीजी," तहसीलदारसाहेब गमतीनं म्हणाले, "कोणता?"

"अब्बा?" मागून पुन्हा आवाज आला. या वेळी जरा लहान.

माझा आवाज बाजारात कमावलेला आहे. तामलवाडीच्या नाक्यावर 'शेंगा' म्हणून ओरडलो की सोलापूरच्या हद्दीतली माणसं वळून बघायची.

"डावा!" मी यंत्राशेजारून गरजलो. "डावाच हाय! ज्याला उजवा दिसत असंल, त्यानं आपलं तिकीट परत घ्यावं अन् घरी जावं!"

कोणी उठलं नाही. मी तिकिटाचे पैसे परत देईन, यावर गावाचा विश्वास नसावा. तहसीलदारसाहेबांनी मात्र आपले दोन्ही हात वर यंत्राच्या झोतात धरले आणि खात्री करून घेऊ लागले. त्या हातांची काळी सावली थेट राणीच्या तोंडावर पडली.

"अगं बया, कुनाचे हात हे!" मागून एक बाई किंचाळली. आणि मग सगळ्या बायका एका सुरात, त्यांना दिसत होतं तेच सांगू लागल्या, "डावाच हाय की! डावाच!"

मुन्शीजी खुर्चीत बसले. पुढचा खेळ त्यांनी पाहिला नाही. पडदा आणि जमीन यांच्यामध्ये वीतभर फट होती. पडद्याचं पाणी ठिबकून तिथली माती भिजली होती. उजेड कमी-जास्त व्हायचा तसं तिथलं दिसायचं, नाहीसं व्हायचं. मुन्शीजी तिकडंच टक लावून बसले होते. त्या फटीतून एक लहानसा हात पुढं आला होता आणि ओल्या मातीत बोटानं एक तलवार काढत होता. हात डावा होता. हे मात्र मी समोरून पाहिलं.