गव्हाला हळद लागली

एका जंगलात, मुलांनो, वाघ पोळ्या खायचा.

हसू नका. त्याचा आणि बाकीच्यांचा तसा ठरावच झाला होता. सगळ्यांनी गहू पिकवायचा, वाघाला रोज पाटीभर पोळ्या पोचवायच्या आणि वाघानं कुणाला खायचं नाही. सात वर्षं सुरळीत चाललं होतं. वाघाचं पोट सुटलं होतं, पण ते आपल्याला काय करायचंय!

ओढ्याकाठी सुंद्राबाई सशिणीचं शेत होतं. तिला सहा पिल्लं. त्यामुळे गव्हावर तिचा जीव इतरांपेक्षा जरा जास्तच. एका सकाळी तिला दिसलं, शेताच्या कोपऱ्यात सुपाएवढ्या जागेत गव्हाच्या पानांवर पिवळी-नारिंगी भुकटी आलीय. बोट लावलं, तर बोट पिवळं.

बांधावरच्या टिटवीनं मान वाकडी करून बघितलं. ती सगळ्यांच्याच शेतात डोकवायची. वाईट खोड म्हणतात हिला. मी नाही म्हणत.

"तांबेरा आहे हा," टिटवी म्हणाली. "रोग आहे, बाई. वाऱ्यावर उडतो, दाणा भरू देत नाही. सुपाएवढा आहे तोवर उपट आणि पुरून टाक."

सुंद्राबाईनं खुरपं आणलं. तेवढ्यात शेजारची गुलाबमावशी अस्वलीण धापा टाकत आली.

"अगं सुंद्रे! हळद लागलेल्या नवऱ्या मुलावर खुरपं चालवतेस?"

"हळद?"

"मग काय, बुक्का आहे? तुझा गहू लग्नाला आलाय! माझ्या शेतात ओंब्या नटून उभ्याच आहेत. ठरलं. आणि हे बघ, मी विहीण. पहिला मान माझा."

तिनं खुरपं काढूनच घेतलं. टिटवी ओरडत राहिली. पण टिटवी ओरडली की अपशकुन, हे सगळ्यांना ठाऊक. तिला आमंत्रणच गेलं नाही.

आता नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लावायची असते ना? सुंद्राबाईच्या शेतातली भुकटी परातीत झटकून, वाजतगाजत, मावशीच्या शेतात नेली. ओंब्याओंब्यांना माखली. मग कोल्हा रुसला. "आमच्या गव्हानं काय घोडं मारलंय?" त्याचाही गहू करवला झाला. रानडुकराचा झाला. सांबराचा झाला. माकडांनी तर झाडावर चढून हळद उधळली. वाऱ्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण लग्नात सगळ्यात जास्त राबला तोच.

पंधरा दिवसांत अख्खं रान पिवळं झालं. काय ती शोभा!

सुंद्राबाईनं एक ओंबी चोळून पाहिली. दाणे जिऱ्याएवढे.

"मावशी, दाणा भरत नाहीय हो."

"लग्नाच्या धावपळीत नवरा मुलगा वाळतोच," मावशी म्हणाली. "आमचे हे नाही का, बोहल्यावर काडी होते. आता बघ."

कापणी आणि लग्न एकाच दिवशी धरलं. सगळे शेतातून थेट मांडवात आले, अंगभर पिवळे. बसण्यावरून थोडी भांडणं झाली. मावशी पहिल्या पाटावर बसली. तिच्याखालोखाल सगळे ओळीनं.

आत सुंद्राबाई दळत होती. जात्यातून नुसता कोंडा पडत होता. पीठ त्यात शोधावं लागत होतं. तिनं दोनदा दळलं. मग पिल्लांकडे बघितलं आणि जातं थांबवलं.

तेवढ्यात वाघोबा आले. फेटा बांधून, भुकेले.

"वाढा पोळ्या," ते म्हणाले.

कुणी उठेना. कोल्हा घसा खाकरत म्हणाला, "यंदा पोळ्या नाहीत, महाराज. पण लग्न फार देखणं झालं."

वाघोबांनी पंगतीकडे बघितलं. सगळी मंडळी ओळीत, पानं मांडून, हळद लावून तयार.

"असू दे," ते समजुतीनं म्हणाले. "मला जुनी सवय आहे. शिस्तीत होऊ द्या. पहिला मान कुणाचा?"

मांडवामागून सुंद्राबाई एकेका पिल्लाला ओढ्याकडे ढकलत होती. टिटवी पुढे उडून वाट दाखवत होती. पंगतीत जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला.

आणि गुलाबमावशीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "माझा!"

तात्पर्य : शेजारणीच्या शेतातली भानगड सुपाएवढी असताना तिथे नाक खुपसू नये, वाईट दिसतं. ती रानभर झाली की जेवणाचं आमंत्रण घरी चालत येतं. आहेर नेण्याची गरज नसते. आपण गेलो की पुरतं.