जावईबापूंनी लिनक्स बसवलं

ज्या घरात 'नाही' हा शब्द उच्चारण्याची सोय नसते, त्या घराला सुसंस्कृत म्हणतात. या कसोटीवर साकोलीच्या मधुकररावांचं घर तालुक्यात पहिलं यायला हरकत नाही. मधुकरराव हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. एकतीस वर्षं त्यांनी टेबलापलीकडच्या माणसांना 'नाही' म्हटलं, त्यामुळे घरी येईपर्यंत साठा जवळजवळ संपला होता. जो उरला तो त्यांनी पत्नीसाठी, शकुंतलाबाईंसाठी, राखून ठेवला. जावयासाठी अर्थातच त्यातला काहीही काढला नाही.

जावई ही आपल्याकडची सर्वांत टिकाऊ प्रणाली आहे. ती एकदा घरात बसवली की काढता येत नाही, अडकली तर बंद करून पुन्हा सुरू करता येत नाही, आणि तिच्या अटी कोणी वाचत नाही. (वाचक म्हणतील, विंडोजचंही तसंच आहे. पण विंडोजला दिवाळीत कपडे करावे लागत नाहीत.)

गेल्या दिवाळीच्या तोंडावर विंडोज दहाचा आधार कंपनीने काढून घेतला, आणि पाठोपाठ पुण्याहून त्यांची लेक टीना आणि तिचे यजमान योगेंद्र आले. योगेंद्ररावांची पुण्यात संगणकाचीच नोकरी. चहाचा कप खाली ठेवण्याआधी त्यांनी पुढच्या खोलीतला संगणक पाहिला. बारा वर्षांचा, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला, दसऱ्याचं हळदकुंकू अजून कपाळावर वागवणारा.

"मामाजी, हे विंडोज म्हणजे किरायाचं घर आहे. मालक म्हणेल तेव्हा बाहेर. लिनक्स म्हणजे स्वतःचं घर," ते म्हणाले.

"बरोबर आहे, जावईबापू," मधुकरराव म्हणाले. स्वतःच्या घरात बसून घर स्वतःचं नसल्याचं इतक्या आनंदाने कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हा 'मी' म्हणजे शेजारचा खुशाल, निवृत्त मास्तर. फराळाच्या निमित्ताने मी घटनास्थळी हजर होतो. आता त्या संगणकात काय होतं ते नोंदवतो. मधुकररावांचे पत्ते होते, रोज दोन तास. बाकी दुपारी दीड ते तीन शकुंतलाबाईंची वेळ.

शकुंतलाबाईंचं माहेर सिहोऱ्याचं. तिकडे धानाची रोवणी (म्हणजे भातलावणी) करताना बाया चिखलात वाकून गाणी म्हणत. आता बांध्यांत मोबाईल वाजतो आणि तो वाकतही नाही. शकुंतलाबाई अकरा वर्षं ती गाणी गोळा करत होत्या. म्हाताऱ्या बायांच्या दारात जाऊन बसायचं, चिठोऱ्यावर टिपून घ्यायचं, घरी येऊन एका बोटाने संगणकाच्या डी ड्राइव्हमध्ये घालायचं. मराठीचा कळफलक मीच त्यांना लावून दिला होता. तीनशे बारा गाणी झाली होती. सांगणाऱ्या बाया एकोणीस, पैकी अकरा आता नाहीत. चिठोरे चुलीत जात, कारण पक्की नोंद झाली की कच्चा कागद नष्ट करावा, असा मधुकररावांचा कार्यालयीन दंडक होता. ती गाणी पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवतो, असं मी शकुंतलाबाईंना चार वर्षांपासून सांगत होतो. (सांगण्यात मी कधीच खंड पडू दिला नाही.)

पुढचं समजायला शकुंतलाबाईंच्या माहेरची एक रीत माहीत हवी. सासूने जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही. डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभं राहायचं आणि नवऱ्यामार्फत बोलायचं. त्यातही वाक्यं ठरलेली: या म्हणा, बसा म्हणा, अजून घ्या म्हणा. टीनाच्या लग्नाला सहा वर्षं झाली, एवढ्या तीन वाक्यांत सासू-जावयाचे संबंध अत्यंत सलोख्याचे राहिले. अडीनडीला टीना मध्ये बोले, पण त्या दिवशी ती अड्याळला मैत्रिणीकडे गेली होती.

जावईबापूंनी पेन ड्राइव्ह लावला. त्यात पुदिन्याच्या नावाचं एक लिनक्स होतं. पडद्यावर प्रश्न आला की विंडोज राहू द्यायचं आणि शेजारी लिनक्स बसवायचं, की सगळं पुसून फक्त लिनक्स. माणूस सज्जन. त्यांनी विचारलं.

"मामाजी, यात काही महत्त्वाचं आहे का?"

सरळ प्रश्न होता. पण जावयाने विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो, ती त्याची इच्छा असते, हे मधुकररावांच्या हाडीमाशी भिनलेलं.

"तुमच्यापुढं काय महत्त्वाचं, जावईबापू? करा तुमच्या मनानं."

दाराआड बांगड्या वाजल्या. मधुकररावांनी तिकडे पाहिलं.

"त्यायले म्हना," पदराआडून आवाज आला, "थांबा म्हना जराशेक."

मधुकररावांनी इमानदारीने निरोप पोचवला. "थांबा म्हणते. वडे तळून राहिली असन."

"नको नको, मामाजी, पोट फुल आहे," जावईबापू म्हणाले.

"डी मंधी हायेत म्हना माहे..." आवाज पुन्हा आला, या वेळी किंचित मोठा. पण सासूचा आवाज जावयासमोर किंचित मोठा होणं हीच मोठी गोष्ट. मधुकररावांनी डोळे वटारले. आवाज थांबला. राखून ठेवलेला साठा असा वेळेवर कामी आला.

मी काय करत होतो, हे वाचक विचारतील. माझ्या तोंडात चकली होती. ती गिळायला साधारण चार सेकंद लागतात, आणि 'सगळं पुसा' निवडून 'पुढे' दाबायला एक. शिवाय दुसऱ्याच्या जावयाला 'थांबा' म्हणणं हा शेजारधर्म नव्हे. ही दोन्ही कारणं मी गेले कित्येक महिने तपासतो आहे आणि दोन्ही मला दर वेळी पुरेशी वाटतात.

लिनक्स उत्तम बसलं, हे इथे स्पष्टपणे नोंदवलं पाहिजे. आधी संगणक सुरू व्हायला पावणेपाच मिनिटं लागत, आता एकोणीस सेकंद. व्हायरस नाही, जाहिरात नाही, कसली आठवण करून देणं नाही. इतका हलका संगणक साकोलीत दुसरा नसेल. हलका असणारच, आत काही नव्हतं.

पण जावईबापू अर्धवट काम करणारे नव्हेत. रिकामी जागा त्यांना बघवेना. त्यांनी आपल्या लॅपटॉपमधून तिथे आठशे जुनी हिंदी सिनेमाची गाणी भरली.

"मामीजींसाठी," ते लाजून म्हणाले. "त्यांना गाण्यांची आवड आहे, असं टीना सांगत होती."

दुसऱ्या दिवशी दीड वाजता शकुंतलाबाई संगणकासमोर बसल्या. मी तेव्हाही तिथेच होतो (फराळ संपला नव्हता). जावईबापू आत झोपले होते. बाईंनी सगळी खिडकीन् खिडकी उघडून पाहिली. कमरेला एक चिठोरा खोचलेला होता, सिहोऱ्याच्या रुखमिणी म्हातारीने दिवाळीआधी सांगितलेलं गाणं. तो त्यांनी काढला, उलगडला आणि टेबलावर हाताने सपाट केला.

"माहे गाने कोठी गेले?" त्यांनी हळूच विचारलं. आत जावई झोपलेला.

मधुकररावांनी आतलं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "त्यायले सांगजो नको. सनासुदीचे दिवस, बिचाऱ्यायले वाईट वाटन."

या लेखात भावनांची तरतूद नाही, तरी लिहितो. मला त्या वेळी फार वाईट वाटलं, आणि मधुकररावांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा आला.

पाहुणे गेल्यावर मी संगणक उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, नुसतं पुसलं असतं तर काही तरी निघालं असतं, पण त्यावर गाणी भरली, आता कठीण. आठशे गाणी मात्र सुखरूप आहेत, असा दिलासा त्याने दिला.

जावईबापूंना आजतागायत काही माहीत नाही. जाताना त्यांना अनारशांचा डबा दिला गेला. 'अजून घ्या म्हना' हे वाक्य त्या दिवशी दाराआडून लागोपाठ दोनदा बोललं गेलं, तेवढीच काय ती चूक. पुण्यात ते मित्रांना सांगतात म्हणे की सासऱ्यांना मी स्वतंत्र केलं.

शकुंतलाबाई आता वहीत लिहितात. वही जुन्या ट्रंकेत ठेवतात, कुलूप लावतात आणि किल्ली मधुकररावांना दाखवत नाहीत. डोक्यात राहिलेली एक्केचाळीस गाणी परत लिहून झाली. रुखमिणी म्हातारीचा चिठोरा धरून बेचाळीस. बाकीची दोनशे एकाहत्तर आठवायला त्या अधूनमधून माझ्या ओट्यावर येऊन बसतात. एखादी ओळ गुणगुणतात, थांबतात, म्हणतात, "मास्तर, याच्या पुढं काय होतं?" मला माहीत नसतं. ती फाइल मी चार वर्षांत एकदाही उघडून वाचली नव्हती.

इथवर वाचून तुम्ही मधुकररावांना हसला असाल, जावयाला हसला असाल, माझ्या चकलीला तर नक्कीच. हसायला हरकत नाही. तुमच्या घरी अजून विंडोज आहे. पुण्याहून कोणी येऊन काही पुसलेलं नाही. सगळं जागच्या जागी आहे. तर मग तुमच्या आईच्या तोंडचं एक गाणं म्हणून दाखवा. एकच, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

घाई नाही. आम्ही ओट्यावरच बसलो आहोत.