बाळाभाऊंची बादली

लग्नाकार्यात लोक आहेर विसरतील, चपला विसरतील. आमचे बाळाभाऊ बादली विसरत नाहीत. निळी, प्लास्टिकची, झाकणाची. पंगत उठली की लोक पान शोधतात, हे अर्धवट प्यालेले गिलास शोधतात. उरलेलं पाणी बादलीत, बादली झाडाला. जाताजाता रिकाम्या खोल्यांतले दिवे-पंखे बंद. खोलीत कोणी असलंच तर एकदा विचारून बघायचं, "बसून राह्यले का उठून राह्यले?"

बाळाभाऊ म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. लांबचे म्हणून झटकावं, तर तीही सोय नाही. मी पडलो चंद्रपूरचा. एप्रिल लागला की आमच्याकडे कूलर हाच घरातला कर्ता पुरुष. मी नुसता त्याला पाणी भरतो. बाळाभाऊ आल्याआल्या त्याचं बटण बंद करतात.

"एका कूलरपायी तिकडं बिजलीघरात किती कोळसा जळते, मालूम हाय का?"

मालूम नाही. घाम किती येतो, तेवढं मालूम आहे.

यंदा लेकीचं साक्षगंध घरीच केलं. मुलाकडची मंडळी वरोऱ्याची, कापसाचे व्यापारी, कडक इस्त्रीची माणसं. मी भाड्यानं मोठाले कूलर आणले. बायकोला आदल्या दिवशीच बजावलं, "तुझ्या भावाला बादली आणू देऊ नको." त्यांनी आणली नाही. आमचीच घेतली.

जेवणं झाली. विहीणबाई कूलरसमोर ऐसपैस बसल्या. "हवा मोठी थंडगार येऊन राह्यली," त्या म्हणाल्या. मी फुगलो. तेवढ्यात कूलरच्या टाकीत बादली उपडी करत बाळाभाऊ म्हणाले, "येनच ना! तुमच्याच गिलासातलं पाणी हाय, विहीणबाई. थेंब वाया नाई जाऊ देल्ला."

विहीणबाईंचा पदर तोंडाला गेला. सगळ्यांच्या अंगावर सगळ्यांचं उष्टं उडत होतं. व्याही रुमालानं चेहरा पुसायला लागले, ते थांबेचनात. धरणीनं पोटात घ्यावं म्हणून मी खाली पाहिलं. फरशी गेल्याच वर्षी बसवलेली. ती काही फाटायला तयार नव्हती.

गाडीत बसताना विहीणबाईंनी एवढंच विचारलं, "लग्नाले तुमचे हे साळे येतीन का?"

मला तो प्रश्न वाटला नाही, अट वाटली. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाळाभाऊंना 'लग्नाला येऊ नका' असं सांगायला निघालो. बायकोला म्हणालो, भाजी आणतो.

बाळाभाऊ राहतात त्या वसाहतीला त्यांच्या जुन्या गावाचंच नाव आहे. जुनं गाव कोळशाच्या खाणीत गेलं. माझी वरात त्याच गावात गेली होती. तिथल्या विहिरीचं पाणी पिऊन मी "फ्रीजचं आहे का?" म्हणून विचारलं होतं आणि सगळा मांडव हसला होता. आधी ती विहीर आटली, मग गाव उठलं.

बाळाभाऊ अंगणात बाजेवर, रस्त्याकडे तोंड करून बसले होते. समोरून ताडपत्री टाकलेले कोळशाचे ट्रक चालले होते. मी घसा खाकरला. त्यांनी 'थांबा' म्हणून हात केला आणि एक ट्रक पार वळणापर्यंत बघत राहिले.

"आता आपल्या आळीखालचा निघून राह्यला म्हणतात, जवाईबापू. आमच्या मायच्या चुलीखालचा कोळसा असंन त्या ट्रकमंदी." मग स्वतःशीच हसले. "लोकायले वाटते, बुढा बिल वाचवते. मी म्हणतो, जळाचंच हाय तर हळूहळू जळू द्या ना. लई भराभर संपून राह्यलं गाव."

मला माझा कूलर आठवला. पायात चपला होत्या, त्याच बघत बसलो.

"काल तुमची मान खाली झाली माझ्यापायी," तेच म्हणाले. "मी नाई येत लग्नाले. पोरीले आशीर्वाद इथून बी लागते."

जे सांगायला आलो होतो, ते त्यांनीच सांगून टाकलं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"भाऊ, तुम्ही या," मी म्हणालो. "विहीणबाईंचं मी पाहतो. बादली तेवढी आणू नका."

त्यांनी निमूट मान हलवली.

"आम्ही घेऊन ठेवतो," मी म्हणालो. "मोठी."